छोट्या ध्यानगटात प्रार्थना असावी का? असली तर कुणाची?

घाटावरची

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

मी मिरजेत राहते. आमच्याकडे दर रविवारी सकाळी साडेसहाला पंधराएक माणसं जमतात आणि तासभर गप्प बसतात. गुरू नाही, संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. ज्याला जे येतं ते त्यानं मनातल्या मनात करायचं. माळकरी आजोबा नाम घेतात, दोघं-तिघं इगतपुरीचं विपश्यना शिबिर करून आलेले आहेत, एक जैन जोडपं सामायिक करतं, मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर येतात, तंबोरे करणारे चाचा येतात, बँकेतले एक बौद्ध साहेब येतात (म्हणजे यायचे). इंजिनिअरिंगचा एक पोरगा आहे, त्याचा कशावरच विश्वास नाही, पण म्हणतो रविवारी बसलं की आठवडाभर झोप बरी लागते.

आमच्या गावाला हे नवीन नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं, तिथं मांडीला मांडी लावून कोण बसलंय हे कुणी बघत नाही.

आधी आम्ही एका शाळेच्या खोलीत बसायचो. ती गेली. मग एका निवृत्त डॉक्टरांनी घराचा वरचा हॉल दिला, फुकट, सतरंज्या-पंख्यांसकट. माणूस सोन्यासारखा आहे, हे आधीच सांगून ठेवते. हॉलमध्ये त्यांच्या वडिलांच्या काळापासून गणपतीची मोठी तसबीर आहे. आधी तिच्यासमोर समई लागायला लागली. मग सुरुवातीला तीनदा ॐ. मग शेवटी शांतिपाठ. कुणी सुचवलं, कधी ठरलं, आठवत नाही. कुणी काही बोललंही नाही.

पण चाचा, जे सगळ्यांच्या आधी यायचे, ते आता जिन्यात थांबतात. खालच्या पायरीवर बसून सँडलचा पट्टा सोडत राहतात. वर तिसरा ॐ संपला की येतात आणि मागच्या भिंतीला टेकतात. बँकेतले साहेब गुडघे दुखतात म्हणून यायचे थांबले. त्यांना मी परवा मार्केटात सायकल मारताना पाहिलं.

तर प्रश्न असा: हे डॉक्टरांना सांगावं का? सांगितलं तर कसं? की मीच नसती खाज काढतेय?

रिकामटेकडा

जागा धरून ठेवतो. शेवटी कांदेपोहे असतात का तेवढं सांगा, म्हणजे मत देता येईल.

सगुण

ताई, तुमची तळमळ कळते, पण ॐ हा नाद आहे, त्याला धर्म कसला? योगाच्या वर्गात जगभर म्हणतात. २०१५ साली पहिल्या योग दिवसाच्या वेळीही असाच गदारोळ झाला होता, शेवटी सरकारनं सांगितलं की सक्ती नाही, ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणा. तेच इथेही करा. सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात. समई लावल्यानं कुणाचं काय बिघडतं?

निळाई

सगुण, "कुणाचं काय बिघडतं" हा प्रश्न नेहमी ज्याचं बिघडत नाही तोच विचारतो.

मी नागपूरची, बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर माझे आजोबा होते. बाबासाहेबांनी त्या वेळी २२ प्रतिज्ञा दिल्या. पहिल्या तीन वाचा. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती, यांना देव मानणार नाही, उपासना करणार नाही. आमच्या घरात त्या लहानपणी पाठ करून घेतल्या जातात. आता असा माणूस गणपतीच्या तसबिरीसमोर समई लावून, हात जोडून बसलेल्या ओळीत बसला आहे. तो काही बोलणार नाही. गुडघे दुखतात म्हणेल.

सगुण

निळाई, गैरसमज नको. आम्हाला बुद्ध परका नाहीच. तो तर आमचा नववा अवतार. आमच्या घरी मूर्ती आहे त्याची, शोकेसमध्ये.

निळाई

आता पाचवी प्रतिज्ञापण वाचा.

(चिडून लिहीत नाहीये. तुम्ही हे प्रेमानं म्हटलंत हे मला दिसतंय. पण बुद्ध विष्णूचा अवतार आहे हा खोटा आणि खोडसाळ प्रचार आहे, असं त्या पाचव्या प्रतिज्ञेत स्वच्छ लिहिलंय. ते साहेब गेले त्याच्या आदल्या रविवारी चहाच्या वेळी कुणीतरी हेच बोललं असेल यावर मी पैज लावायला तयार आहे.)

घाटावरची

निळाई, पैज जिंकलात. माळकरी आजोबा बोलले होते. तेही प्रेमानंच.

रिकामटेकडा

पाच प्रतिसादांत दोन जखमी. धागा शंभरी गाठणार.

संपादक मंडळ

कृपया विषयाला धरून लिहा. वैयक्तिक शेरेबाजीचे प्रतिसाद उडवले जातील.

इगतपुरीकर (नावालाच)

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

या प्रश्नावर विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींनी जो मार्ग काढला तो बघण्यासारखा आहे. ते ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेले मारवाडी, घरात कट्टर सनातनी वातावरण. १९५५ साली अर्धशिशीनं हैराण होऊन ते तिथले विपश्यनेचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा आपला धर्म बुडेल ही धास्ती त्यांनाही होतीच. हे ते स्वतः प्रवचनात सांगायचे. १९६९ मध्ये भारतात आले आणि मुंबईत एका धर्मशाळेत पहिलं शिबिर घेतलं. सुरुवातीला स्वतःची जागाच नव्हती. धर्मशाळा, देऊळ, चर्च, जे मिळेल तिथं शिबिरं झाली. इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र सुरू झालं १९७६ ला.

त्यांनी केलं असं की दहा दिवस सगळ्यांचंच बंद. माळ नाही, मंत्र नाही, उदबत्ती नाही, उपास नाही, गंडेदोरे घरी ठेवून या. हे हिंदूला तसंच ख्रिश्चनाला आणि तसंच बौद्धाला. हॉलमध्ये बुद्धाचीसुद्धा मूर्ती नाही. बसायचं ते श्वासावर, पहिले तीन दिवस नाकपुडीखाली, मग सगळ्या अंगावर. श्वास हिंदू नसतो आणि मुसलमान नसतो, हे त्यांचं म्हणणं. माझ्या शिबिरात दोन्ही बाजूंना पडदानशीन बायकांपासून जटाधारी साधूपर्यंत सगळे होते आणि मौन असल्यामुळे नऊ दिवस कुणाला कुणाची जात विचारता आली नाही. दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि अर्ध्या तासात सगळ्यांनी सगळ्यांची आडनावं विचारून घेतली, ते सोडा.

माझं मत: तसबिरीवर कापड टाका, ॐ बंद, शांतिपाठ बंद. रविवारचा एक तास. बाकीचे १६७ तास आपापल्या घरी काय हवं ते करा.

तर्कट

इगतपुरीकर, पूर्ण सांगा की. पहिल्या रात्री पालीत त्रिशरण म्हणायला लावतात ना? "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटल्यावर सगळ्यांचंच बंद कसं काय झालं?

इगतपुरीकर (नावालाच)

मुद्दा बरोबर आहे. बुद्ध या व्यक्तीला नव्हे, बोधीच्या गुणाला शरण जायचं, असा खुलासा तिथं करतात. मला तो पटला. माझ्या शेजारच्या खोलीतल्या एका मौलवींना पटला नाही, ते त्या वेळी ओठ मिटून बसले. राहिले मात्र दहाही दिवस.

निळाई

आणि आमच्यातले कितीतरी लोक उलट्या बाजूनं नाराज असतात! बुद्धानं संप्रदाय स्थापनच केला नाही, फक्त धर्म शिकवला, हे गुरुजींचं वाक्य ऐकलं की आमच्या वस्तीतले काका उठून जातात. ज्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य घातलं ती ओळखच पुसता का, असं त्यांचं म्हणणं. डोळे मिटून बसल्यानं विहिरीवर पाणी मिळालं नसतं, हेही म्हणतात. मी शिबिर केलंय, मला उपयोग झाला, पण काकांचं म्हणणं मला खोटं पाडता येत नाही. "सगळ्यांचं बंद" हे सगळ्यांना सारखं स्वस्त पडत नाही.

मुसाफिर

औरंगाबादहून. (शहराच्या नव्या नावावरून कृपया वेगळा धागा काढा.)

चाचांच्या बाजूनं लिहितो, पण चाचा मी नाही, हे आधी. माझे मामू असते तर पहिल्या ओळीत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ॐ म्हणाले असते. माझे वडील हॉलमध्ये पाऊलही टाकणार नाहीत. तेव्हा "मुसलमानांना काय चालतं" असा प्रश्नच विचारू नका. त्या एका माणसाला विचारा.

श्वासावर बसणं आम्हाला परकं वाटण्याचं कारण नाही. आमच्याकडे पाणचक्कीला बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे, नक्शबंदी या सूफी सिलसिल्याचा. (माझं टोपणनाव तिथूनच उचललंय.) नक्शबंदींच्या नियमांत पहिलाच आहे "होश दर दम". एकही श्वास बेखबर जाऊ द्यायचा नाही. त्यांचा जिक्र, म्हणजे नामस्मरण, आवाज न करता चालतो, मनात. माझ्या आजीला हे फारसी शब्द माहीत नव्हते, पण तांदूळ निवडताना ती हेच करायची.

म्हणून चाचा तासभर बसतात त्यात मला नवल वाटत नाही. अडचण तोंडानं म्हणायला लावण्याची आणि तसबिरीसमोर बसण्याची आहे. आणि बघा, ते आले तर आहेतच. जिन्यात बसून त्यांनी आपल्यापुरती वाट काढली आहे, कुणाला न दुखवता. ज्यानं काढायला हवी होती त्यानं नाही काढली.

आणखी एक. सगळ्यांसमोर "चाचा, तुम्हाला चालतं ना?" असं विचारू नका. याला जगात एकच उत्तर आहे, "हो हो, आपलंच आहे." मी स्वतः हे उत्तर ऑफिसच्या प्रत्येक सत्यनारायणाला दिलेलं आहे.

रिकामटेकडा

मुसाफिर भाऊ, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. शिऱ्यासाठी आपणही तेच उत्तर देतो, कारण वेगळं.

खादीवाले काका

बाळांनो, इतका खल कशाला? आमच्या सर्वोदयाच्या शिबिरांत विनोबांची सर्वधर्मप्रार्थना रोज होत असे. नारायणापासून अहुरमज्द, येशू, रहीम, ताओपर्यंत सगळी नावं त्यात येतात. दोन मिनिटं लागतात. कुणाचं नाव राहिलं अशी तक्रार नाही. तेच सुरू करा.

निळाई

काका, नमस्कार. त्यात बुद्धाचंही नाव आहे ना? ईश्वराच्या नावांत बुद्ध. म्हणजे परत तीच अडचण, फक्त जास्त पाहुण्यांसह.

मुसाफिर

माझ्या वडिलांना तर प्रत्येक ओळीला तौबा करावी लागेल. काका, गंमत नाही करत. ही प्रार्थना थोडं-थोडं मानणाऱ्याला गोड लागते. मनापासून एकच मानणाऱ्याची तिथंच पंचाईत होते, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

खादीवाले काका

मान्य करायला जड जातंय, पण विचार करतो.

तरी एक सांगतो. १९४७ साली दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेत कुराणातल्या आयतींना कुणी हरकत घेतली की ते आयती गाळून बाकीची प्रार्थना पुढे रेटत नसत. त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवत. हजारांच्या सभेत एकाची हरकत. लोक संतापायचे, त्या एकावरच धावून जायचे, तर हे त्यांनाच आवरायचे. तुमच्या पंधरा जणांत दोन जण अडले आहेत, तर थांबायला हरकत नाही, एवढंच.

तर्कट

काका, हे तुमच्या आधीच्या प्रतिसादापेक्षा फार बरं आहे.

वसईची मावशी

आमच्या बाजूचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही वसईचे कॅथलिक, घरात मराठीच. लोणावळ्याच्या साधना इन्स्टिट्यूटचे फादर अँथनी डिमेलो यांच्याकडे माझी मोठी बहीण जायची. ते जेझुइट संघातले कॅथलिक धर्मगुरू, पण विपश्यनेचं शिबिर करून आले होते, आणि श्वासाकडे लक्ष द्यायला, अंगावरच्या संवेदना बघायला शिकवायचे. बहीण सांगायची की गुडघे टेकून पन्नास वर्षं प्रार्थना केलेल्या नन्स तिथं पहिल्यांदा गप्प बसायला शिकल्या. ते १९८७ मध्ये वारले. आणि १९९८ मध्ये रोमहून पत्रक निघालं की त्यांची काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, जपून वाचा. बहिणीनं ते पत्रक वाचलं, घडी घालून बायबलमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी बसली. मला तिचं दोन्ही आवडलं.

तुमच्या सिस्टरांबद्दल कुणी काही विचारलं नाही ते का? त्या ॐ म्हणतात का?

घाटावरची

मावशी, खरंच कुणी विचारलं नाही. मी आज फोन केला. त्या म्हणाल्या, "मी त्या वेळी मनात 'हे पित्या' म्हणते, माझं तीन ॐ मध्ये बरोबर निम्मं होतं, मग गप्प बसल्यावर उरलेलं म्हणते." त्यांना काहीच त्रास नाही. उलट समई त्यांना आवडते.

जुना सातारकर

मावशींच्या निमित्तानं आठवलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये आमच्या साताऱ्यात "देवाचा दरबार" काढला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा माणूस तो. मिशनची पगारी नोकरी सोडून हे केलं. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. असे गट एका माणसाच्या अंगावर उभे असतात. तो माणूस सरला की भिंती परत वर येतात. तुमच्यात तो माणूस कोण आहे? डॉक्टर की तुम्ही?

पाटीलवहिनी जयसिंगपूर

मी जैन. सामायिक ४८ मिनिटांचं असतं, त्यामुळे तासाच्या बैठकीत आमची बारा मिनिटं बोनस. ॐ ची आम्हाला अडचण नाही, आमच्या णमोकार मंत्राच्या आधीही लावतात. आमची खरी अडचण तुम्ही कुणीच विचारत नाही ती. कांदेपोहे! आमच्या गटातही बैठकीनंतर नाश्ता असायचा. कांदा आम्हाला चालत नाही. बिनकांद्याचे केले तर बाकीचे तोंड वाकडं करतात. रविवारी एकादशी आली की माळकऱ्यांना पोहेच चालत नाहीत. साबुदाणा केला तर मधुमेहवाले ओरडतात. रमजानात मुसलमान बंधूंसमोर खायचं कसं. शेवटी काळा चहा आणि केळं यावर गाडी थांबली.

रिकामटेकडा

अखेर धाग्याला मुद्दा सापडला.

तर्कट

केळ्याला अजून कुठल्याच धर्माची हरकत नाही ना? बघून ठेवा.

पाटीलवहिनी जयसिंगपूर

आहे. आमच्या सासूबाई चातुर्मासात हिरवी केळी खात नाहीत. पण त्या गटात नाहीत.

एकटा जीव

मला कळत नाही, ध्यानाला माणसं लागतातच कशाला? घरी दार लावून बसा, हवं ते म्हणा नाहीतर म्हणू नका. गट केला की कमिटी आली, कमिटी आली की भांडण आलं.

मुसाफिर

एकटा जीव, घरी टीव्ही, नातू आणि कुकर असतो. चाचांना बहुतेक तो तासच मिळतो.

धारवाडकर

उलटी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून मांडतो. घर डॉक्टरांचं आहे. मी मुसलमान मित्राच्या घरी गेलो तर भिंतीवरचं मक्केचं चित्र काढा म्हणेन का? चर्चच्या हॉलमध्ये बसलो तर क्रूस झाकायला सांगेन का? ज्याचं घर त्याचा देव भिंतीवर राहणार. इगतपुरीकरांचं "कापड टाका" मला उद्धट वाटलं. त्यांच्या वडिलांच्या काळची तसबीर आहे, उद्या त्यांच्याच घरात त्यांना परकं वाटायचं.

पण समई आणि ॐ हे घराचं नाही, ते बैठकीचं आहे. त्यावर बोलता येतं. तसबीर जिथं आहे तिथं राहू दे, बसण्याची दिशा बदला. खिडकीकडे तोंड करून बसा.

इगतपुरीकर (नावालाच)

कापड मागे घेतो. दिशा बदलणं चांगलं.

ब्रिस्टलची सून

आम्ही इथं काही मराठी लोक महिन्यातून एकदा बसतो. हॉल क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा भाड्यानं घेतो. त्यांची प्रार्थना बघायला एकदा गेले होते. तासभर शांतता, पाद्री नाही, वेदी नाही, क्रूस नाही. कुणाला आतून वाटलं तर उभं राहून दोन वाक्यं बोलतो, नाहीतर कुणीच बोलत नाही. मला सगळ्यात आवडलं ते शेवटचं. घंटा नाही, आमेन नाही. तास झाला की दोन ज्येष्ठ मंडळी एकमेकांशी हात मिळवतात, मग सगळेच शेजारच्याशी मिळवतात. संपलं. आम्ही तेच उचललं, फक्त हातांऐवजी नमस्कार. त्यावरही एकदा वाद झालाच, कारण एकीच्या नवऱ्याला नमस्कारसुद्धा धार्मिक वाटतो. तो आता नुसतं "चला" म्हणतो.

तुम्हीही सुरुवात आणि शेवट साधे ठेवा. मधल्या शांततेत कुणाचंच भांडण नसतं, जे काही होतं ते दोन्ही टोकांना.

सगुण

इतका वेळ वाचतोय. निळाईंनी सांगितलेल्या प्रतिज्ञा काढून वाचल्या. अवताराचं यापुढे बोलणार नाही. ॐ बद्दल माझं मत तेच आहे, तो मला लहानपणापासून आधार आहे. पण तो मी मनातही म्हणू शकतो, हे खरं.

निळाई

धन्यवाद, सगुण. मतभेद राहू द्या.

घाटावरची

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

डॉक्टरांना रविवार सोडून भेटले, एकटीच. चाचांचं किंवा साहेबांचं नाव घेतलं नाही. नुसतं म्हटलं, आपण सुरुवात शांततेनंच करूया का, जिन्यातून उशिरा येणाऱ्यांना मध्येच थांबावं लागतं. ते थोडे दुखावले. म्हणाले, "ॐ वर आक्षेप कुणाचा आहे?" मी सांगितलं नाही. मग बराच वेळ दोघंही चहाच्या कपाकडे बघत बसलो. शेवटी त्यांनीच तोड काढली. ज्यांना ॐ आणि समई हवी त्यांनी सव्वासहाला यायचं, साडेसहाला हॉलचं दार पुन्हा उघडायचं आणि मग नुसती बैठक. शांतिपाठ बैठक उठल्यावर, ज्यांना थांबायचं त्यांच्यासाठी. दिशा बदलायला ते कबूल झाले नाहीत. म्हणाले, खिडकीतून ऊन येतं. येतंही.

या रविवारी चाचा साडेसहाला पाच मिनिटं कमी असताना आले आणि पुढच्या ओळीत बसले. तोंड मात्र तसबिरीच्या बाजूला न करता जरा तिरकं. सव्वासहाला माळकरी आजोबा, सगुणांसारखेच एक काका आणि, आश्चर्य म्हणजे, सिस्टर आल्या होत्या. इंजिनिअरिंगचा पोरगा दोन्हीला हजर, म्हणे उठलोच होतो.

बँकेतले साहेब आले नाहीत. त्यांना व्हॉट्सॲपवर नवीन वेळ कळवली. निळी टिक दिसतेय, उत्तर नाही.

निळाई

मेसेजवर येणार नाहीत. घरी जा. "आता अडचण नाही, या" असं म्हणू नका, म्हणजे अडचण त्यांचीच होती असं होतं. आजोबा अवताराचं जे बोलले ते चुकीचं होतं, एवढं सांगा. ते आजोबांनीच सांगितलं तर जास्त बरं.

घाटावरची

आजोबांना विचारलं. आधी म्हणाले, "मी काय वाईट बोललो?" मग त्यांना प्रतिज्ञा वाचून दाखवल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांच्या घरी चहा घेतात ना गं? चल मग, गुरुवारी." माळ घालूनच येणार आहेत.

रिकामटेकडा

गुरुवारचा वृत्तांत टाका. आणि चहासोबत काय होतं तेही.